ज्युनिपर तबेल्यात नाही

बाबा,

बीन्सचं भांडं शेगडीवर आहे. दुपारी तुम्ही घोरत होतात, तेव्हा मी तुमच्या उजव्या गुडघ्याचं माप घेतलं. ज्युनिपरला ओट्स घालायला जाऊ नका, ती तबेल्यात नाही.

वेड नाही लागलं मला! पिकअपमध्ये स्टिअरिंगखाली ट्रेलरच्या ब्रेकचा कंट्रोलर बसवलाय. तुम्ही ब्रेक दाबलात की आता ट्रेलरची चाकंही धरतील. हिवाळ्यात खिंडीच्या उतारावर ट्रेलरने घोडीसकट आपल्याला ढकललं, तसं पुन्हा होणार नाही. गाडीत चढताना तुमचा गुडघा कंट्रोलरच्या कळीला लागायला नको, म्हणून माप.

ब्रेक किती जोरात धरायला हवेत, ते रिकाम्या ट्रेलरवर कळत नाही. म्हणून ज्युनिपरला त्यात चढवून खडीच्या रस्त्यावर चाललेय.

वेंडेलकाका म्हणाले, "तुझा बाप आता ट्रेलर ओढायचा नाही." मी म्हटलं, "लावता पैज?"

शनिवारी शेरिडनला रोडिओच्या घोडेस्वारी स्पर्धेला जाताना गाडी तुम्हीच चालवायची. उतारावर मी गप्प बसेन, शप्पथ.

डेला

"घोडी विकणे आहे" ही तुमची पाटी मी सोमवारीच फाटकावरून काढली.