मानहाइमचं पाणी

२४ मे

आजही फोन नाही.

उमरठची सारिका जर्मनीत मानहाइमला गेली त्याला वर्ष होत आलं. तिथल्या इस्पितळात नर्स आहे. जायच्या आधी आंबेनळी घाटात मला म्हणाली होती, दोन वर्षं थांब. थांबलोय — मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिळे जोखत. कॉलेज मीच सोडलं. सावित्रीच्या पुराचा चिखल अजून आमच्या भिंतींवर होता, आणि भूगोलाचे सर ऱ्हाइन नदी शिकवत होते. मी उभा राहून म्हटलं, आधी आपल्या दादली पुलाखालची सावित्री शिकवा. बाहेर पडलो तो पडलोच.

आता तीच ऱ्हाइन रोज मोबाईलवर वाचतो. तिच्या गावातून जाते ना!

२७ मे

आल्प्समध्ये उगम, उत्तर समुद्रात शेवट. दोनशे वर्षांपूर्वी तिची वळणं कापून तिला सरळ केलं. जमीन मिळाली, हिवताप हटला — आणि पाणी सुसाट सुटलं ते खालच्या गावांवर. आता तेच लोक बांध मागे सरकवून नदीला जागा परत देतायत. सॅमन मासे संपलेच होते. त्यांना वर चढता यावं म्हणून धरणांना पायऱ्या केल्या.

सगळं सारिकाला लिहून पाठवलं. तिनं अंगठा पाठवला. नुसता अंगठा!

१ जून

तिकडे धो धो पाऊस. ऱ्हाइन फुगली, जहाजं थांबवली. पातळीचा आकडा दर तासाला बघतोय. मामा म्हणाला, "जर्मनीचं पाणी मोजतोस, इथं गिऱ्हाइकाला कोण बघणार रे?" म्हटलं, तूच बघ.

मग सारिकाला लिहिलं — पुलावर पाणी बघायला जाऊ नकोस. पिण्याचं पाणी आधी भरून ठेव, पुरात तेच मिळत नाही. कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये. सामान आजच वरच्या मजल्यावर ने, पाणी यायची वाट बघू नकोस. आम्ही वाट बघितली होती.

वाचल्याची निळी खूण आली. उत्तर नाही.

३ जून

अजून नाही. माझा मित्र मुरारी दुकानात येऊन बसला. म्हणतो, "ती आता आपली नाय राह्यली. तू पानीच बघत बस." गिऱ्हाइकांसमोर त्याची कॉलर धरली. मामानं सोडवलं. संध्याकाळी पुलावर गेलो. सावित्री पार खाली, मधे गाळाची बेटं. डोकं काही शांत होईना. मानहाइमला पाणी उतरू लागलंय, तरी ही गप्प का?

५ जून

सारिकाचा मेसेज. "हर्षद, मी मार्चपासून रेगेन्सबर्गला आहे. सांगायचं राहून गेलं. इथली नदी डॅन्यूब. पाणी घरात शिरलं, पण तू लिहिलंस तसं सामान आधीच वर नेलं होतं. आम्ही दोघांनी."

‘आम्ही दोघांनी’ पुन्हा पुन्हा वाचलं. मग विचारलं, पाणी उतरलं का?