चाचणीचा खड्डा अंगणात न खणण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
ग्रामरस्ते व मातीचाचणी कक्ष,
गंगापूर रोड, नाशिक.

विषय : मौजे निमवाडी (ता. सिन्नर) येथील रस्त्याच्या मातीचा नमुना या खेपेस अर्जदाराच्या अंगणातून न घेणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराचे यापूर्वीचे चार अर्ज. पोच आहे, उत्तर नाही.

महोदय,

अर्जदार बहिरू सहादू आव्हाड, वय ६१, सादर करतो की, रस्त्याखालची माती तपासण्यास आपले कर्मचारी २०१८, २०१९ व २०२२ साली आले. तिन्ही वेळा मे महिना होता. दीड किलोमीटरात सावली एकच, अर्जदाराच्या दारच्या कडुनिंबाची. पत्नी सिंधुबाई हिने माणुसकीने हाक मारली, "साहेब, उन्हात कशाला खणता? हितं या, च्या ठेवते." साहेब आले. चहा झाला, आणि खड्डाही तिथेच झाला.

सदर अंगण हे अर्जदाराच्या वडिलांचे खळे. त्यांनी चार पाट्या वाळूला एक पाटी चिकणमाती असे कालवून, पाणी मारून, बैल फिरवून ते चोपले होते. नुसती वाळू पायाखालून सरकते; नुसती चिकणमाती पाण्याने फुगते नि उन्हाने फाटते; दोन्ही बेताने मिसळल्या तर एकमेकींना धरून राहतात, एवढे त्यांना शाळेत न जाता कळत होते. ती माती आपण चार दिवस पाण्यात भिजवून वर भार दिला, तरी ती हटली नाही. अहवालात 'उत्तम' असा शेरा आला. वडील हयात असते तर त्यांना बरे वाटले असते.

परंतु रस्ता अंगणातून जात नाही. तो ओढ्याकडच्या काळ्या चिकणमातीवरून जातो. त्या शेऱ्याच्या भरवशावर तिथे खाली काहीही न मिसळता तीनदा डांबर पडले आणि तीनदा खचले.

२०२३च्या भाद्रपदात सून हर्षाली हिला कळा सुरू झाल्या. जीप ओढ्यापाशी रुतली. मुलगा शेखर व चार माणसे दोन तास ढकलत होती. बाळ जीपमध्येच झाले, ते रडले नाही. कोणावर आरोप करण्याचे त्राण आता अर्जदारात नाही. निम्मा दोष माझ्याच चहाचा, असे सिंधुबाई म्हणते. तिने तेव्हापासून चहा सोडला आहे.

हर्षालीला पुन्हा दिवस गेले आहेत. डॉक्टरांनी ऑगस्टचा पहिला आठवडा सांगितला आहे.

येत्या सोमवारी आपले कर्मचारी पुन्हा येणार असे कळते. ओढ्याशी चार बांबूंवर चादर बांधून सावली केली आहे, खुर्ची ठेवली आहे. चहा तिथे पोहोचेल. कृपया तिथे खणावे, आणि पावसापूर्वी तेवढ्या दोनशे फुटांत तरी वाळू मिसळून घ्यावी.

तेही होणार नसेल, तर अर्जदाराचे अंगण उकरून ती माती ओढ्याशी अंथरण्याची परवानगी द्यावी. आपल्याच अहवालाप्रमाणे ती उत्तम आहे. आठ दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असे समजून अर्जदार व शेखर खणायला घेतील. त्यानंतर नमुन्यासाठी अंगण शिल्लक राहणार नाही, हे कळावे.

आपला, अद्याप नम्र,
(सही) बहिरू सहादू आव्हाड
दि. १२ मे २०२५

सोबत : १) तीन अहवालांच्या प्रती. २) चार पोचपावत्या. ३) ओढ्याची माती, एक पिशवी. पाणी घालून पाहावे.