फेरारातला शुक्रवार

ग्वेल्फ,
रविवार, १० जून २०१२

तीर्थरूप शोशनाआत्यास,

अवीवाचा शालोम. मी बरी आहे. तूही बरी असशील आणि गुडघ्याला रोज तेल लावत असशील असं धरून चालते. इथे उन्हाळा एकदाचा आलाय. प्रयोगशाळेत सध्या दह्याचे नमुने तपासतोय, त्यामुळे घरी आल्यावर दही नको वाटतं. बाकी ठीक.

गुरुवारीच फोनवर बोललो आणि आज रविवार असून यायचं सोडून ही पोरगी पत्र काय पाठवते, असं तुला वाटेल. काही गोष्टी मला फोनवर बोलता येत नाहीत. तू मध्येच ‘जेवलीस का’ विचारतेस आणि मी ‘हो’ म्हणते, की झालं.

फेरारातल्या भूकंपाचं टीव्हीवर पाहिलंस ना? एकाच महिन्यात दोन मोठे धक्के. आपण पाहिलेल्या किल्ल्याच्या बुरुजाचीही पडझड झाली म्हणे. बातमी पाहिली आणि मी लगेच सिन्योरा इवानाच्या हॉटेलला ईमेल केली. आपण तिथे राहून सहा वर्षं झाली, तो पत्ता चालतो की नाही कोण जाणे, असं वाटत होतं. चार दिवसांनी तिच्या मुलीचं उत्तर आलं. हॉटेल उभं आहे. जिन्यातला मोठा आरसा फुटला आणि पहिले दोन दिवस सगळी पाहुणेमंडळी अंगणात खुर्च्या टाकून बसली होती. सिन्योरा आता शहात्तर वर्षांची आहे. तिने मुद्दाम विचारलंय, ‘माझ्या सूपशी बोलणारी तुझी आत्या कशी आहे?’

आठवतं का गं तुला? तिच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तू पातेल्याकडे बघत म्हणालीस, ‘अरे बाबा, तुझ्यात हाड आहे की नाही, खरं सांग.’ आणि तिने काय समजून घेतलं देव जाणे, आपल्यासाठी नुसत्या भाज्यांचं वेगळं पातेलं चढवलं. पाच दिवस तू मराठीत बोललीस, ती इटालियनमध्ये, आणि अडलं कुणाचंच नाही. अडायचं ते माझं. मी पुस्तक उघडून वाक्य शोधायची, आणि ते सापडेपर्यंत तुम्ही दोघी हसून मोकळ्या.

उत्तर वाचलं त्या दिवसापासून ते हॉटेल डोळ्यांसमोरून हलत नाहीये. किती साधं होतं! लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर खोली, बाथरूम पॅसेजच्या टोकाला. पण चादरी कडक इस्त्रीच्या, आणि खिडकी उघडली की खाली दगडी गल्लीतून सायकली खडखडत जायच्या. किल्ला पाच मिनिटांवर, जुनी ज्यू वस्ती त्याहून जवळ. तेवढ्या भाड्यात आपल्या टोरॉन्टोच्या एटोबिकोत एअरपोर्टजवळच्या मोटेलमध्ये पार्किंग लॉटकडे बघत बसावं लागलं असतं, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. पहिल्या सकाळी कॉफी आली तेव्हा तू कप उचलून उजेडाकडे धरलास. ‘एवढुशी? हे औषध आहे की काय?’ आणि त्या भोपळा भरलेल्या करंज्या खाऊन तुझा निकाल: ‘साखर घालायची की मीठ, हे या बायकांचं अजून ठरलेलं नाही.’ मग तीन दिवस रोज त्याच मागवल्यास.

मी युनिव्हर्सिटीतून पास झाले म्हणून ती सहल तू मला दिलीस. वर्षानुवर्षं नवऱ्या मुलींच्या गाऊनना टाचण्या लावून साठवलेल्या सुट्ट्या तू माझ्यावर खर्च केल्यास. पप्पा म्हणाले होते, ‘दोघी जा, मी घर सांभाळतो,’ आणि त्यांनी आठवडाभर नुसतं आम्लेट खाल्लं.

आत्या, मी शुक्रवार सोडून सगळं लिहितेय. तुझ्या लक्षात आलंच असेल.

आधी दुसरं सांगते, कारण ते आधी सांगायला हवं. गेल्या मंगळवारी कॅल्गरीहून पप्पांच्या जुन्या दोस्ताचा, आपल्या बोअझकाकांचा फोन आला होता. बावीस तारखेला ते टोरॉन्टोत येतायत, पुतण्याचा मुलगा तेरा वर्षांचा झाला, त्याच्या बार मित्झ्वाला. घर विकायला काढलंय. ऑगस्टमध्ये हा देश सोडून अश्दोदला भावाकडे जाणार, कायमचे. मला म्हणाले, ‘पोरी, जाण्यापूर्वी तुझ्या आत्याच्या हातचा चहा प्यायचाय. विचारून बघशील? मी थेट विचारलं तर ती दार लावून घेईल.’

मी म्हटलं, ‘काका, तुम्हीच का नाही विचारत?’

‘माणसाशी भांडण असतं तर विचारलं असतं गं. तिने एलियाहू हन्नाबीला मध्ये घातलंय. मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, नबीशी कुठे भांडू?’

ते हसले. मला हसता आलं नाही.

म्हणून गुरुवारी मी तुला फोनवर विचारलं, काका घरी आले तर चालेल का. तू म्हणालीस, ‘कशाला? ज्याला एलियाहूने नको म्हटलं, त्याला मी चहा पाजून काय करू?’ आणि मग म्हणालीस, ‘जेवलीस का?’ मी ‘हो’ म्हटलं. जेवले नव्हते.

आता शुक्रवार.

त्या दिवशी दुपारी आपण जुन्या सिनेगॉगमधून परत आलो. तू भारावून गेली होतीस. इथेही आपली माणसं इतकी शतकं राहिली, असं पुन्हा पुन्हा म्हणत होतीस. येताना ऑलिव्ह तेलाची छोटी बाटली घेतलीस. दात घासायच्या एका ग्लासात तू सकाळीच काळ्या मनुका भिजत घातल्या होत्यास, किद्दुशचा आशीर्वाद म्हणायला लागणाऱ्या शरबतासाठी. दुसऱ्यात पाणी घालून वर तेल ओतलंस आणि घरून आणलेली वात सोडलीस. खोबरेल नाही म्हणून जरा कुरकुरलीस. सहाच्या सुमारास, बाहेर उजेड असतानाच, शब्बाथचा दिवा लावलास. डोळ्यांवर हात ठेवून आशीर्वाद म्हटलास, पण हात नेहमीसारखे लगेच काढले नाहीस. तुझे ओठ बराच वेळ हलत होते. मी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

मग तू सिन्योराकडे ताटल्या मागायला खाली गेलीस.

खोलीच्या दारावर आत एक पाटी होती. मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती, कारण मी सगळ्या पाट्या वाचते. मेणबत्ती नको, शेगडी नको, कसलीही ज्योत नको. तुला ती दाखवायला हवी होती. पण तुझा शब्बाथचा आनंद मोडेल म्हणून मी गप्प बसले. आता मी खोलीत एकटी होते, दिवा खिडकीजवळच्या टेबलावर होता आणि त्या लेसच्या पडद्याची कड हलत होती. मला सगळं दिसायला लागलं. पडदा पेटलाय, जिना धुराने भरलाय, खाली स्वयंपाकघरात ती म्हातारी बाई, आणि आपले पासपोर्ट खालच्या ड्रॉवरमध्ये. पडदा बांधून ठेवता आला असता. टेबल सरकवता आलं असतं. लावलेल्या दिव्याला शब्बाथ लागल्यावर हात लावायचा नाही, हे मला माझं नाव लिहिता येण्याआधी तू शिकवलं होतंस.

मी फुंकर मारली.

आणि आत्या, इथेच संपत नाही. विझल्यावर वातीचा वास पसरला, तशी मी घाबरले आणि खिडकी सताड उघडली. वाऱ्याने विझला असं वाटावं म्हणून. ते घाबरून नव्हतं, ते ठरवून होतं. तू ताटल्या घेऊन आलीस, दिव्याकडे पाहिलंस आणि दारातच थांबलीस. मी म्हटलं, ‘वारा आला गं अचानक.’ तू ताटल्या मांडल्यास. शरबतावर किद्दुश म्हटलास, पण सूर लावला नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण शहराच्या जुन्या तटावरून चालत होतो. दोन्ही बाजूंना झाडं, पानं पिवळी पडत होती, म्हातारे लोक सायकलवरून ‘बुओंजोर्नो’ करत जात होते. तिथे तू मला सांगितलंस. बोअझकाकांनी लग्नाचं विचारलंय. पप्पांना माहीत आहे. तुझं मन होकाराचं होतं, पण या वयात आपल्या मनावर विश्वास ठेवायची भीती वाटली, म्हणून दिवा लावताना एलियाहू हन्नाबीला कौल लावला होतास. तेल सरेपर्यंत दिवा तेवला तर हो म्हणेन आणि त्याच्या नावाने नवसाच्या मलिद्याचं ताट ठेवीन. मध्येच विझला तर नाही.

मी म्हटलं, ‘आत्या, वारा होता गं नुसता.’

तू म्हणालीस, ‘वाराच तर. वारा कुणाच्या हातात असतो?’

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तट संपेपर्यंत मी वाक्य जुळवत होते. तट नऊ किलोमीटरचा आहे.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की मी भीतीपोटी गप्प राहिले. शब्बाथ मोडला, तुझ्या तोंडावर खोटं बोलले, तू काय म्हणशील याची भीती. ते खरं आहे, पण पुरं नाही. तू मला ग्रोसरीच्या फ्लायरच्या मागे अक्षरं गिरवायला शिकवलीस, तेव्हा म्हणायचीस, चूक खोडरबराने घालवायची नाही, वरून एक रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं होतं ते वाचता येतं. म्हणून तेही लिहिते.

तू ‘नाही’ म्हणणार हे कळल्यावर मला बरं वाटलं.

मला पाचव्या वर्षी आई गेल्याचं फारसं आठवत नाही. त्यानंतर तू ठाण्याची नोकरी सोडून टोरॉन्टोत आमच्याकडे राहायला आलीस, ते मात्र आठवतं. तुझी ट्रंक, तिच्यावरचा हिरवा रंग. तेव्हापासून घरात मी शिरले की तू असायचीस. बोअझकाका दर गुरुवारी मासळी घेऊन यायचे, तू म्हणायचीस, ‘बोंबील नाहीत तर हे काय उचलून आणलंत?’, आणि ते जाईपर्यंत तुझा आवाज वेगळा असायचा. तो आवाज मला आवडायचा नाही. बावीस वर्षांची घोडी होते, पास होऊन बसले होते, आणि तरी तटावर चालताना माझ्या मनात एकच होतं, की आता ही कुठे जाणार नाही.

पुढच्या मार्चमध्ये काका कॅल्गरीला गेले. जाताना त्यांनी तुझी शिलाई मशीन तेल घालून दिली. दोन वर्षांनी पप्पा वारले. त्यानंतर मीच ग्वेल्फला नोकरी घेतली आणि तुला त्या अपार्टमेंटमध्ये एकटीला सोडून आले. ज्याच्यासाठी मी गप्प राहिले, ते मीच मोडलं. दर रविवारी तुला भेटून बस पकडते, तेव्हा तू खिडकीत उभी असतेस, आणि मला वाटतं, या खिडकीत दोन माणसं असायला हवी होती.

हे पत्र मी चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्हींत पाटीबद्दल आणि पडद्याबद्दल फार लिहिलं होतं.

बोअझकाकांना मी यातलं काहीही सांगितलेलं नाही. मंगळवारी तोंडापर्यंत आलं होतं, पण आधी तुला कळायला हवं. त्यांना सांगायचं की नाही, काय सांगायचं, चहा द्यायचा की नाही, हे तू ठरव. तू ‘नाही’ म्हणशील तर ते तुझं ‘नाही’ असेल. आजवरचं माझं होतं. तुझ्या कौलाला नबीने उत्तर दिलंच नव्हतं, आत्या. मीच त्याच्या जागी बसले.

आता ते जातायत, आणि तारीख जवळ आलीय, म्हणून लिहायचं धाडस झालं, असं तू म्हणशील. म्हण. खरंच आहे. ते जाणार नसते, तर मी अजूनही दह्याचे नमुने तपासत बसले असते.

त्यांचा नवा नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून आत ठेवलाय. संध्याकाळी सातला घरी येतात. तिकडचे सात म्हणजे तुझे नऊ. पुढच्या रविवारीही मी नेहमीच्या बसने येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन, आणि तू जे बोलशील ते उभी राहून ऐकेन. तुला फक्त एकच विनंती, ती करायचाही मला हक्क नाही. माझ्यावर रागावून फोन उचलशील, तर तो आधी त्यांना कर. माझ्यावर रागवायला तुला पुढे कितीही वर्षं आहेत. त्यांच्याकडे ऑगस्टपर्यंतच वेळ आहे.

पत्राच्या शेवटी मोठ्यांकडे आशीर्वाद मागायचा असतो, असं तू शिकवलंस. या खेपेला ती ओळ मी लिहीत नाही.

तू वाढवलेली,
अवीवा