दवाखान्याचं दार

पौष वद्य पंचमी, गुरुवार

दवाखान्याचा नकाशा आज जवळजवळ पक्का झाला. जागा पाटलांची, चावडीला लागून. वर्गणीतून इमारत उभी राहिली की सरकार डॉक्टर देणार. मला मात्र दारच खुपत होतं. ते चावडीसमोर. सकाळी विहिरीजवळून येताना बायकांचं बोलणं कानावर आलं, "बसलेल्या गड्यांपुढून जायाचं व्हय? त्यापरीस घरी कण्हत पडलेलं बरं."

मग दवाखाना कुणासाठी?

पाटलांना बाजूला घेऊन सांगितलं. ते हसले, "शेटजी, तुमचे कान लई लांब हाईत. कोण म्हणालं?"

"नाव कशाला? तुमच्या ओसरीवर बसलो की तो आवाज रोज आतून ऐकतो."

पाटलांनी एकदा घराकडं पाहिलं. मग म्हणाले, "दार विहिरीकडं करा. पण माझ्या नावाची पाटी चावडीकडंच पायजे."

लावू की. बायाबापड्यांना दार सापडलं म्हणजे झालं.