खांद्यावर मोजलेली बोटं

आई, मागच्या महिन्यात लालबागची एक बाई माझ्यासमोर तपासणीच्या खुर्चीत येऊन बसली. मी आता परळच्या एका हॉस्पिटलात डोळे तपासायचं काम करते. त्या बाईच्या मेंदूत रक्तस्राव होऊन गेला होता, डोक्याचं ऑपरेशन झालं होतं, केस अजून पुरते उगवले नव्हते. मी बोटं वर करून विचारलं, किती? तिने तोंड उघडायच्या आत मागून तिचा नवरा बोलला, "दिसतं तिला. नाटक आहे सगळं. टीव्ही लावला की बरोब्बर तिकडे तोंड करून बसते." मी म्हटलं, "काका, तुम्ही जरा बाहेर बसा." "मी काय केलं आता?" "काही नाही. बाहेर बसा." माझा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरची सिस्टर वळून बघायला लागली. तो गेल्यावर बाई हळूच म्हणाली, "हात आहे एवढं कळतं गं. बोटं नाही दिसत." मी भिंग लावून आत पाहिलं. जिथे नारिंगी उजेड परत यायला हवा, तिथे दोन्ही डोळ्यांत काळपट लाल अंधार होता.

मेंदूत अचानक रक्त सुटलं की कवटीच्या आतला दाब वाढतो, आणि काही जणांच्या डोळ्यांच्या आतही रक्त उतरतं. बाहेरून डोळा स्वच्छ दिसतो. माणूस आधी बेशुद्ध असतो, मग शुद्धीवर येऊन दिसत नाही म्हणाला की घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झालाय. हे मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला शिकले. शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर डोळ्याची आकृती काढून आतला भाग तांबड्या खडूने भरला. त्या तासाला मी पुढे काही लिहून घेतलं नाही. तुझं वाक्य मला आठवलं होतं. "बांगडे धुतल्यावर परातीत पाणी राहतं ना, त्यातून बघितल्यासारखं दिसतंय." एवढं नेमकं सांगितलं होतंस तू, आणि ते फक्त मला सांगितलं होतंस.

मला मुळाक्षरं तूच शिकवलीस, शाळेच्या आधी, पोळपाटावर पीठ पसरून. लोअर परळच्या ऑफिसांत पोचवायचे वीस डबे निघायचे असायचे, तरी एका हाताने पोळी लाटत दुसऱ्या हाताच्या बोटाने माझा ‘क’ पुसून पुन्हा काढायला लावायचीस. माझ्याशी पुस्तकातली मराठी बोलायचीस, म्हणजे शाळेत मला कुणी हसू नये. रागावलीस की मात्र मालवणी. चौथीत बाईंनी बेरीज चुकवून मला गणितात दोन मार्क जास्त दिले. मी घरी येऊन फुशारकीने सांगितलं, तर तू तवा उतरवून, पिठाच्या हातांनीच मला परत शाळेत नेलंस. "बाईंका सांग, माझे दोन मार्क कापा." वर्गातली मुलं खिडकीतून बघत होती. त्या दिवसापासून मला कुठलाही फॉर्म तीनदा तपासल्याशिवाय देता येत नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला मी जिन्यावरून परत येते. मैत्रिणी हसतात. तुझ्या हातचं वळण आहे, असं मी त्यांना सांगते.

आता ती दुपार. मेंदूत रक्त सुटून तुझं डोक्याचं ऑपरेशन झालं, त्याला तीन आठवडे झालेत. तू हॉस्पिटलच्या खाटेवर बसतेस, पण पाठीला आधार लागतो, म्हणून मी मागे बसलेय. मावशी डबा देऊन गेलीय. तुझ्या गिऱ्हाइकांचे डबेही सध्या तीच करते. आमटीचा एक घोट घेऊन तू म्हणतेस, "आमटीत पाणी घालतात, ही पाण्यात आमटी घालते. सगळी गिऱ्हाइकं पळवणार माझी." मी हसते. मग तुझा हात ताटात वाटी शोधत फिरतो आणि भातात जातो. समोरच्या खाटेवरची बाई परवा दुसऱ्यांदा डोकं उघडायला नेली, ती परत आली नाही. तिची गादी गुंडाळून ठेवलीय. ती तुला दिसत नाही, पण ऐकलंयस सगळं. तू आवाज खाली आणून सांगतेस, "उद्या डॉक्टर बोटं विचारतील. जितकी असतील तितक्या वेळा माझ्या खांद्यावर दाब. त्यांना कळलं ना दिसत नाही, तर पुन्हा डोकं उघडतील." मी म्हणते, "आई, ही कॉपी झाली." तू मान फिरवतेस. "माका घराक ने गो. हय पडान रवलंय तर वेड लागात माका."

दुसऱ्या सकाळी राउंड आला. तरुण डॉक्टर होते, भले होते, मागे दहा पेशंट थांबले होते. "काकू, बोटं किती?" मी तीनदा दाबलं. तू उघडलेलं तोंड मिटलंस. मग म्हणालीस, "तीन." "आता?" "दोन." "फर्स्ट क्लास," ते म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. तिसऱ्या दिवशी आपण घरी.

पंधरा दिवस तू पप्पांपासून लपवलंस. घरातली प्रत्येक वस्तू तुला हाताने पाठ होती. मग एका सकाळी तू त्यांचा चहा कपाच्या बाजूला, ओट्यावर ओतलास. शांतपणे, शेवटच्या थेंबापर्यंत. पप्पा डॉक्टरकडे जाऊ म्हणाले. तू म्हणालीस, "डोळ्यांची नस गेलीय. डॉक्टरांनीच सांगितलं, उपाय नाही." आणि मी उभी होते त्या दिशेला तोंड केलंस. "होय ना गो?" मी होय म्हटलं.

पुढे तू सात महिने जगलीस. डब्यांचं काम गेलं. दुपारभर गॅलरीत बसून लसूण सोलायचीस, कारण त्याला डोळे लागत नाहीत. माझा बारावीचा निकाल मी तुला वाचून दाखवला, तर तू कागद मागून घेतलास आणि त्यावरून तळवा फिरवलास. ऑगस्टमध्ये डोकं धरून खाली बसलीस आणि संध्याकाळपर्यंत गेलीस. ते दुसरं रक्त डोळ्यांमुळे नव्हतं, तो दोष मी स्वतःला देत नाही. माझ्या वाट्याचे ते सात महिने आहेत. हेही लिहायला हवं की डोळ्यातलं रक्त कधीकधी आपोआप ओसरतं, तुझं ओसरलं नाही. आणि ऑपरेशन केलं तरी पडदा खराब असेल तर दिसेलच असं नाही. इतकी वर्षं मी या ‘नाही’चा आधार धरून बसले होते.

लालबागच्या बाईचं ऑपरेशन झालं. डोक्याला कुणी हात लावला नाही. डोळ्यातलं गढूळ काढून टाकलं, एकेक डोळा, एवढंच. गेल्या आठवड्यात पट्टी काढल्यावर ती नवऱ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "दाढी कधीपासून वाढवली? पांढरी झाली की सगळी." तो म्हणाला, "तुला न्यायच्या-आणायच्या नादात राहिली," आणि तोंड फिरवून भिंतीवरचा डोळ्यांचा तक्ता वाचायला लागला.

रविवारी पप्पांकडे जेवायला गेले तेव्हा मी हे सांगून बसले. सांगायचं ठरवलं नव्हतं. पप्पांनी घास ताटात परत ठेवला. "तुझ्या आवशीचा पण असाच होता काय गो?" अकरा वर्षांत त्यांनी मला हे पहिल्यांदा विचारलं. सत्तरी ओलांडलीय त्यांनी. उपाय नव्हता, या एका वाक्यावर ते आजवर झोपत आलेत, आणि ते वाक्य त्यांना आपण दोघींनी दिलंय. मी म्हटलं, "नाही पप्पा. आईची नस गेली होती." "मगे कोण काय करतलो," ते म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले. मी त्यांना भात वाढला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि ठेवलं तर त्यांच्या हाती लागेल, म्हणून फाडून टाकणार आहे. त्याआधी एक गोष्ट. तू विनवलंस म्हणून मी दाबलं, असं मी स्वतःला सांगत आले. पण त्या संध्याकाळी, दिवे लागल्यावर, तू मला म्हणाली होतीस, "राहू दे. तू म्हणतेस तेच बरोबर. उद्या डॉक्टरांना खरं सांगूया." मी बरं म्हटलं. माझी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. खाटेजवळ चटईवर झोपून अंग आंबलं होतं, आणि आता आणखी किती दिवस, हेच डोक्यात चाललं होतं. सकाळी डॉक्टरांनी बोटं वर केली तेव्हा तू खरं सांगायलाच तोंड उघडलं होतंस. मी आधी दाबलं.