तीन महिन्यांची साखर

१२ जून
उद्या बाबांची शुगर तपासायची. कालपासून घरात कारलं, मेथी, भाकरी. आईचाच नियम. दोन दिवस सगळं घर पथ्यावर, परीक्षा असल्यासारखं. लहानपणी रडायचे मी कारल्यापायी. रिपोर्ट मात्र नेहमी छान. रक्त दिलं की आई-बाबा तिथूनच हॉटेलात केसरीबात, इकडचा केशरी शिरा, खायला! आईला जाऊन दोन महिने होतील.
बाबा म्हणाले, "पास होणार बघ."

१३ जून
डॉक्टर नवीन. बाबांच्या तळपायाला मुंग्या येतात हे ऐकून आणखी एक तपासणी लिहिली, एचबीएवनसी. सुई बघून बाबा नर्सला अर्ध्या कानडीत, "स्वल्प हळू हं, अक्का."
हॉटेलात केसरीबात दोन मागवले, सवयीनं. दुसरा मी संपवला.

१४ जून
उपाशीपोटीची बरी. दुसरी नऊच्या वर, हवी सातच्या आत.
"अहो डॉक्टर, दोन दिवस कडक पाळलंय!"
"अंकल, ही दोन दिवसांत फसत नाही."
रक्तातल्या तांबड्या पेशी तीन-चार महिने जगतात, त्यांना साखर चिकटत जाते. ही साधारण तीन महिन्यांची सरासरी. सप्टेंबरात परत करायची. तेव्हाही उतरली नाही तर इन्सुलिन.
रिक्षात बाबांनी बोटांवर महिने मोजले. मग, "तीन महिन्यांपूर्वी ती होती."
"हो."
"म्हणजे तिचा शिरा आहे त्यात."
पाडव्याचा. "चमचाभरच हं," म्हणत वाटी भरून द्यायची.

१५ जून
बाबा सकाळीच, "सप्टेंबरात तपासणी नको. तेव्हा ती नसेल त्यात."


१७ जून
डॉक्टरांना फोन केला. म्हणाल्या, सरासरीत अलीकडच्या महिन्याचा वाटा जास्त. म्हणजे आईचा थोडासाच. बाकी सगळा बाबांच्या संध्याकाळच्या फिरण्यातला मैसूरपाक. धुताना सदऱ्याच्या खिशाला तूप दिसतं, मी बोलत नाही.
बाबांना सांगायला गेले तर, "ये, बस इथं. शिऱ्यात ती केळं घालायची की अननस?"
"केळं. अननस पाहुणे आले की."
तेच बोलत बसलो. सांगायचं राहिलं.

२१ जून
पायाच्या मुंग्या वाढल्यात. आज सांगून टाकलं, मैसूरपाकासकट.
बाबांनी पेपर मिटला. मग, "पण थोडा तरी तिचा असेल ना?"
"थोडा आहे, बाबा."
सप्टेंबरचं मी विचारलं नाही. संध्याकाळी दारात थांबून म्हणाले, "येतेस?" आई गेल्यापासून पहिल्यांदाच सोबत बोलावलं.
कोपऱ्यावर त्यांचं मैसूरपाकाचं दुकान. बाबा थांबले. मीही.