बाटलीहिरवा की पिवळा

१२ जाने. ९७, रवि.
सकाळी शेजारच्या मूर्तींची काँटेसा धुतली. म्हणजे त्यांनी धुतली, मी पाहिली. पाहण्यासारखीच आहे. नाक सपाट, बॉनेट कॅरमबोर्डाएवढं, मागे डिकी संपता संपत नाही. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत अंगावर एकच रेघ, कुठे मोडलेली नाही. ती रेघ काढणाऱ्याला भेटायला हवं. आत वाइन रंगाचं वेल्व्हेट, त्यावर मळू नये म्हणून टॉवेल! मूर्ती म्हणाले, "स्वल्प जपायला पाहिजे, साहेब." त्यांच्या मराठीत कानडी येतंच; स्वल्प म्हणजे जरासं.
घरी येऊन मंगलला रेघेचं कौतुक सांगितलं. म्हणाली, "अहो, आपल्या पद्मिनीवर पण आहे रेघ. गेटला घासून तुम्हीच काढलेली."
यंदा पद्मिनी विकायची. जन्मात पहिल्यांदा कोरी गाडी. रंग माझ्या मनात कधीचा पक्का: बाटलीहिरवा.

२ फेब्रु., रवि.
मं.ला घेऊन शोरूमला. गाडी छोटी, जपानी वळणाची. मागून पाहिली तर अंग चोरून बसलेली मांजर. क्रोमची झगमग नाही, बंपर अंगाच्याच रंगाचा. हिरवा असा की सावलीत काळा, उन्हात ओलं पान. दोनदा प्रदक्षिणा घातली.
आत राखाडी प्लॅस्टिक, बारीक दाण्याचं. आवडलं. प्लॅस्टिक आहे आणि प्लॅस्टिकच दिसतंय. शेजारच्या महागड्या गाडीत प्लॅस्टिकवर लाकडाची नक्षी छापलेली. लाकूड परवडत नसेल तर लावू नये ना!
मं.नं दाराच्या आतल्या कापडावर नख ओढून पाहिलं. "याचे गोळे निघणार. पण खाली रेक्झिन ठेवलंय ते शहाणपणाचं. पाय तिथेच लागतात." बँकेत नोकरी, गाड्यांत रस शून्य, पण कापड तिला कळतं. मला हे सुचलं नसतं.

१९ फेब्रु.
लॅबमधून परतताना मं.ला बँकेतून घेतलं. इंदिरानगरच्या वळणावर कडेनं एक सायकलवाला आला. हँडल पत्र्याला घासलं तेव्हा कळलं. पडला नाही, देवाची कृपा. "कण्णु काणल्वा?" म्हणून ओरडला. दिसत नाही का.
मं. शेजारी बसलेली. "खरंच दिसला नाही तुम्हाला?"
"नाही."
घरी पोचलो. चपला काढायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला तिनं.

२७ फेब्रु.
काचबिंदू. डॉक्टरीणबाई तरुण, स्पष्ट बोलणाऱ्या. समोरचं उत्तम दिसतंय, कडेचं बरंच गेलंय. गेलेलं परत येत नाही. उरलेलं राखायला थेंब, रोज, न चुकता.
"गाडी चालवू नका."
"किती दिवस?"
त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं.

२ मार्च, रवि.
म्हटलं, नवी गाडी रद्द.
मं. इस्त्री करत होती. "का?"
"चालवणार कोण?"
"मी."
"तुला कुठे आवडतात गाड्या?"
"मला पहाटे उठायलाही आवडत नाही. उठते ना?"

२३ मार्च
मं.चा ड्रायव्हिंग क्लास. शिकवणारे राजण्णा, मी मागच्या सीटवर. "अक्का, निधान, निधान," त्यांचं सारखं चालू. सावकाश, सावकाश. सिग्नलला गाडी बंद पडली, मागे बस. कंडक्टर दारातून हातवारे करतोय. मं.नं खिडकीतून तळहात दाखवला, बँकेत रांगेला दाखवत असेल तसा. बस थांबली. कंडक्टरही. तिनं शांतपणे गाडी पुन्हा सुरू केली.
लग्नाला इतकी वर्षं झाली, हा हात मी पाहिला नव्हता.

१३ एप्रिल, रवि.
पुन्हा शोरूम. राजण्णांना शेजारी बसवून मं.नं एक फेरी मारली. उतरली ती चेहरा फुललेला. विक्रेता माझ्याशीच बोलत होता, तिनं त्याला वळवून घेतलं. "ही घेऊ. पिवळी."
मला वाटलं चेष्टा. कॅटलॉगमध्ये आहे खरा, भडक लिंबू.
"अगं, रिक्षाचं टप दिसेल."
"दिसू दे."
"या बांध्याला गडदच रंग हवा. हलका दिला की खेळणं होतं."
"चालवणार मी, रंग माझा."
सगळ्यांसमोर. परत रिक्षानं आलो. रिक्षाचं टप पिवळंच होतं.

१४ एप्रिल
अबोला. हिरव्या गाडीचं पान कॅटलॉगमधून कापून टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पोरकटपणा. पण काय सुंदर दिसते!

४ मे, रवि.
मं.ला शुक्रवारी लायसन्स मिळालं. संध्याकाळी पद्मिनी घेऊन कमर्शियल स्ट्रीटला, तीच चालवत. तिची खरेदी संपेना म्हणून मी दुकानातून आधी बाहेर आलो. अंधारून आलेलं. आमची पद्मिनी राखाडी, आणि गाड्यांची रांग सगळी एकाच रंगाची. रस्ता, फूटपाथ, पत्रा, सगळं एकात एक.
ही आपली, असं वाटून दाराला हात घातला. आत एक बाई, मांडीवर मूल. किंचाळली. तिचा नवरा धावत आला, काय काय बोलला. सॉरी, सॉरी म्हणत राहिलो. लोक बघत होते.
मग कोपराला मं.चा हात. "इकडे आहे आपली." अगदी जवळच होती.

५ मे
सकाळी विचारलं, "पिवळी माझ्यासाठी म्हणतेस का? मला सापडावी म्हणून?"
डबा भरत होती. "तुमच्यासाठी कशाला? मला आवडतो तो रंग."
"तुझ्याकडे एकही पिवळी साडी नाही."
"म्हणूनच." डबा हातात दिला आणि बँकेत गेली.
म्हणूनच म्हणजे? दिवसभर लॅबमध्ये तोच विचार. खरं बोलली का, कळलं नाही. पुन्हा विचारणार नाही.

८ जून, रवि.
मूर्तींबरोबर मुद्दाम शोरूमच्या मागच्या आवारात गेलो. पिवळी एक आलेली, उन्हात उभी.
कबूल करावं लागेल. हिरव्यात अंग बुडून जातं. पिवळ्यावर दाराखालच्या घडीची सावली स्वच्छ पडते. चाकावरचा फुगवटा, काचेचा उतार, सगळं उठून येतं. बनवणाऱ्यानं किती मेहनत घेतली ते या रंगात दिसतं. मी आजवर रंग बघत होतो, आकार आज पाहिला. आणि फाटकापासूनच दिसली, शोधावी लागली नाही.
मूर्ती म्हणाले, "सरी, ठीक आहे, मग बुक करा. माझ्या काँटेसाशेजारी मात्र लावू नका."
केली बुक. मं.ला सांगितलं तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली. पण रात्री शिरा केला.

६ जुलै, रवि.
मं. म्हणाली, बाहेरचं माझं झालं, सीटकव्हर तुम्ही ठरवा. दोघं चिक्कपेटच्या कापडबाजारात. वेल्व्हेट काढून दाखवलं, तेच वाइन रंगाचं. जन्मभर आवडलेलं. पण हल्ली मूर्तींच्या गाडीत शेजारी बसतो तेव्हा कळतं, पाठ भिजते. चालवणाऱ्याला ते जाणवत नाही, त्याचं लक्ष रस्त्यावर. नुसतं बसणाऱ्याला दुसरं काम काय?
हातमागाचं जाड सुती घेतलं, विटकरी. हाताला किंचित खरबरीत, थंड. बोटं फिरवतच राहिलो. मं.नं नख ओढलं. "पास."

२७ जुलै, रवि.
आली! पिवळीधमक. मं.नं स्वतः चालवत आणली, मी डावीकडे. बसून येण्यातही गंमत आहे. डॅशबोर्डचा दाणा मधे बारीक, कडेला जाड होत जातो, हे चालवताना कधी बघितलं नसतं. खिडकीचं हँडल अंगठ्याला अचूक बसतं. वाटेत सांगत होतो तर मं. म्हणाली, "अहो, हळू बोला, मला गिअर टाकायचाय."
पद्मिनी सकाळीच गेली. तिच्याबद्दल आज लिहिणार नाही.

४ ऑगस्ट, सोम.
डोळ्यांची तपासणी पुन्हा झाली. कडेचं किती उरलंय ते कळेल. अहवाल उद्या.
संध्याकाळी चैन पडेना. खाली गेलो, गाडी उघडली आणि उजवीकडे बसलो. किल्ली खिशातच ठेवली. स्टिअरिंग धरलं. पातळ आहे, पण मागे बोटांसाठी खाचा दिल्यात, त्या छान.
मं. कधी आली कळलं नाही. डावीकडचं दार उघडून बसली. पदर दारात अडकला, तो सोडवला. मला वाटलं, ऊठ म्हणेल.
"कुठे जायचं?" तिनं विचारलं.
"तू सांग."
"मैसूर."
बराच वेळ बसलो. मैसूरला कुठे जेवायचं ते ठरलं. चालवणार कोण हे दोघांनीही काढलं नाही.
मग म्हणाली, "निघायचं तर हॉर्न तरी वाजवा."
वाजवला. मूर्ती गॅलरीत आले, वाकून बघायला लागले.
आवाज स्वल्प पातळ आहे. पण चांगला आहे.